डोणीतलं जनावर

गुरांच्या पाण्याची जुनी डोण लख्ख झाली होती, आत ठेवलेला दगड पांढरा निघाला होता आणि मी कंबर सरळ करून हातातला काथ्या भिंतीवर वाळत टाकला, तेवढ्यात माझे व्याही मागच्या दारात आले. हातात बारशासाठी आणलेल्या केळ्यांच्या फण्या होत्या. त्यांनी डोणीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. केळी हळूच पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "विहीणबाई, इथं एक जण राहत होता."

"कोन?" मी म्हटलं. "शेवाळ व्हतं सगळं. चिंच आन राख लावून काढलं."

"शेवाळ नव्हतं," एवढं बोलून ते केळ्यांशेजारी बसले. बारा वर्षं सांभाळलेलं जनावर मी अर्ध्या तासात घासून टाकलं होतं.

माझ्या व्याह्यांसारखा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नाही, आणि एक आहे तेवढा पुरे आहे. आधी साताऱ्याला आणि मग सांगलीला कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणी शिकवले. प्राणी म्हणजे वाघसिंह नव्हेत. ज्यांना डोकं नाही, पाय नाहीत, आणि जे आयुष्यभर एका जागी बसून राहतात असले प्राणी. दुसऱ्याच्या घरात फ्रिजवर लोणच्याची बरणी असते, तिथं यांची काचेची बरणी आणि तिच्यात हायड्रा. हायड्रा म्हणजे एका टोकाला उसवलेला दोऱ्याचा तुकडा. त्याचे दोन तुकडे केले तर दोन हायड्रे होतात. अंगावर फुटवा येतो, तो वाढून सुटा होतो, तो तिसरा. त्यांना खायला म्हणून हे डबक्यांतून पाण्यातल्या पिसवा धरत फिरायचे, तेही घरातली चहाची गाळणी घेऊन. माई, म्हणजे त्यांच्या मंडळी, चहाच्या दोन गाळण्या ठेवायच्या. एकीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला असायचा. पाव्हणे आले की माई आधी दोरा बघायच्या आणि मग चहा गाळायच्या. मी त्या घरी कायम दूधच मागितलं.

आम्ही जैन. कडेगावच्या बाजूला आमची शेती, मी चौथी शिकलेली. आमच्यात पाणी गाळून पितात, आणि पायाखाली मुंगी मेली तरी दिवसभर चुटपुट लागते. म्हणून मी एकदा त्यांना टोकलंच, "पाव्हणं, जैनाच्या घरात मांसाहारी पाळलायसा." ते गडबडले. म्हणाले, "तो खातो, मी नाही खात. पण बस्तीत बोलू नका." बस्ती म्हणजे आमचं देऊळ. मी बोलले नाही. त्यांनी मात्र पुढच्याच आठवड्यात बस्तीतल्या उपाध्यांना बरणी नेऊन दाखवली, कारण चांगली गोष्ट एकट्यानं बघायची त्यांना कधी सवयच नाही.

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, लेक पाट मांडून बसली, माईंनी तिला नाव विचारलं, आणि बघतो तर मुलाचे वडील गायब. संडासला गेले असतील म्हणून आम्ही थांबलो. पाव तास झाला. मग आमचा गडी पळत आला, "पाव्हणं हिरीत हायती!" जाऊन बघते तर हे विहिरीच्या खालच्या पायरीवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळ्याला भिंग, आणि नाक पाण्याला टेकलेलं.

"सापडला!" ते ओरडले. "विहीणबाई, स्पंज!"

अजून लग्न ठरलं नव्हतं आणि मी विहीणबाई झाले होते. मी वाकून बघितलं. पायरीच्या एका सुट्या दगडावर शिळ्या भाकरीच्या तुकड्यासारखं काहीतरी करड्या रंगाचं चिकटलेलं होतं. मी म्हटलं, "स्पंज म्हंजी भांडी घासायचा?"

"त्याचाच गोड्या पाण्यातला भाऊबंद. हा प्राणी आहे, बरं का. याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगभर भोकं. बारीक भोकांतून पाणी आत घ्यायचं, मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं."

"म्हंजी पानी गाळतंय."

"अगदी बरोबर! दिवसरात्र पाणी गाळतो."

"मग जैनच हाय की."

त्यावर ते एवढे हसले की भिंग पाण्यात पडता पडता राहिलं. मग पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "पण गाळून उरतं ते खातो."

"मग आपल्यातनं बाद," मी म्हटलं, आणि सोयरीक जमली. देण्याघेण्याचं बोलायला आमचे भावजी पुढं सरसावले, तर हे म्हणाले, "आम्हाला काही नको. विहिरीतला तेवढा एक दगड द्या." लग्नाचं वऱ्हाड परत निघालं तेव्हा गावानं बघितलं ते असं : नवरीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मुलाची आई शालू नेसून बसलेली, आणि तिच्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेला दगड. माईंचा शालू सांगलीपर्यंत भिजत गेला. पोतं वाळायला लागलं की त्या तांब्यातलं पाणी शिंपडायच्या.

त्याच लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमच्या भावजींना धडा शिकवला. धडा म्हणजे खरोखरचा धडा. ताटातले पदार्थ दाखवून म्हणाले, "सगळ्या प्राण्यांच्या शरीरांचे ढोबळ नकाशे तीन. हे भजं बघा. याला नकाशाच नाही, वाटेल तसं वाढलंय. हा झाला स्पंज. ही पुरी. मधून कशीही कापा, दोन सारखे भाग. हा हायड्रा, ही जेलीफिश. आणि ही करंजी. हिला पुढचं टोक आणि मागचं टोक वेगळं धरा, मग एकाच रेषेत कापली तर डावं-उजवं सारखं. ही मासोळी, हा बैल, हे तुम्ही."

भावजींना करंजी होण्यात कमीपणा वाटला नसावा, कारण त्यांनी ती खाल्ली. मग व्याह्यांनी पुरी उचलून पुढचं सांगितलं, की या पुरीवाल्या प्राण्यांना दार एकच. खायचं तिथूनच आणि नको असलेलं टाकायचंही तिथूनच. भावजींनी तोंडाजवळ नेलेला श्रीखंडाचा घास परत ताटात ठेवला. मी वाढत होते. मी म्हटलं, "आमच्या गावात तसलं दोन पुढारी हायती." पंगत हसली, आणि भावजींनी घास परत उचलला. तेव्हापासून व्याही मला मानतात. म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही शिकला असता तर माझी नोकरी गेली असती."

नव्या जोडप्याला चार दिवस कोयनेकडं फिरायला पाठवायचं ठरलं, तर हेही निघाले. माईंनी खूप सांगितलं की अशा वेळी आईबापानं जायचं नसतं. हे म्हणाले, "पण उन्हाळाच आहे ना! त्या बाजूला डोहांत याच दिवसांत गोड्या पाण्यातली जेलीफिश दिसते." मग माईही गेल्या, यांना आवरायला. पाटणच्या पुढं एका डोहात हे पंचा नेसून तीन तास कमरेइतक्या पाण्यात उभे. काठावर माझी लेक नव्या साडीत बरणी धरून बसलेली, जावई मान खाली घालून बसलेले, माई डबा सोडून सगळ्यांना धपाटे वाढताहेत. शेवटी एक सापडली. लेक सांगते, रुपयाच्या नाण्याएवढी, काचेची असावी तशी, पाण्यात उघडायची आणि मिटायची. सगळ्यांनी पाळीपाळीनं बघितलं. मग ह्यांनी बरणी हळूच डोहात बुडवून तिला सोडून दिली. जावई म्हणाले, "अहो बाबा, तीन तासांनी एक मिळाली!" हे म्हणाले, "मिळाली ना. आता जिथली तिथं." माझ्या लेकीला सासरा आवडला तो त्या दिवशी, असं ती म्हणते. मला वाटतं, ऊन लागलं असेल.

तो दगड सांगलीच्या घरामागं गुरांना पाणी पाजायच्या एका जुन्या दगडी डोणीत ठेवला होता. गुरं कधीच गेली होती. डोणीवर माई कायम ओलं पोतं झाकायच्या. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते त्या जनावराला सोसत नाही, म्हणून जावई महिन्याला दोन कॅन माझ्या विहिरीचं पाणी न्यायचे. सुरुवातीला माझा समज असा की आमच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून नेतात. मी चार बायकांत ते मिरवलंसुद्धा.

त्या जनावरावरून आमचा वाद ठरलेला असायचा. पाठशाळेत आम्हाला शिकवलंय, झाडाला एक इंद्रिय, अळीला दोन, मुंगीला तीन, माशीला चार, आपल्याला पाच. मी विचारायची, "ह्येला डोळं?" "नाहीत." "कान, नाक?" "नाहीत." "हलतंय?" "जागचं नाही. पण डिवचलं तर भोकं आवळून घेतं." "लाजाळू बी घेतंय. येक इंद्रिय. झाडात धरा." "अहो प्राणी आहे तो!" माई आतून म्हणायच्या, "कशातही धरा, पण त्याला पाणी घालायची वेळ झाली." आणि उठून त्याच घालायच्या. वाद तिथंच राहायचा.

दोन वर्षांपूर्वी माई दुपारच्या झोपेतच गेल्या. दिवसकार्याला मी गेले तेव्हा व्याही पाव्हण्यांत बसलेले नव्हते, मागं डोणीपाशी बसले होते. मी बोलावलं नाही. त्यानंतर ते पोतं कुणी झाकलं नसावं.

आणि मग लेकीला एवढ्या वर्षांनी मुलगी झाली. बारशाला चार दिवस असताना मी सांगलीला गेले. बाळंतिणीला बघायला पन्नास बायका येणार, मागच्या दारी हात धुवायला जाणार, आणि तिथं ही डोण, हिरवीगार, बुळबुळीत दिसणारी, कोंदट वासाची. ते करडं जनावर माईंबरोबरच गेलं असेल आणि पाणी नुसतं सवयीनं नेत असतील, असं मी धरून चालले होते. मी काथ्या घेतला. पाणी उपसलं ते गाळण्याच्या फडक्यातून, कारण पाणी टाकून द्यायचं असलं तरी गाळल्याशिवाय माझा हात चालत नाही. फडक्यात जे राहिलं ते तांब्यात झटकलं. आमची रीत अशी की गाळून राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. पाणी माझ्या विहिरीचं, म्हणून तांब्यावर झाकण बांधून तो माझ्या पिशवीत ठेवला. मग दगड घासला. घासताना वरचा हिरवा थर शेवाळासारखा निसटत नव्हता, खरखरत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पोतं झाकायला माई असत्या तर तो स्पंज करडाच राहिला असता आणि मी ओळखला असता. पोतं गेलं, ऊन लागलं, आणि त्याच्या अंगात उन्हावर जगणारं बारीक हिरवं शेवाळ शिरलं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्याला पुरून उरते. ते उठले, भिंतीवरचा काथ्या घेतला आणि त्यात अडकलेलं हिरवं चिमटीनं वेचायला लागले. मग म्हणाले, "विहीणबाई, माईचं एखादं मऊ लुगडं आहे का बघा." मी ट्रंकेतून काढून दिलं. त्यांनी हातभर फाडलं, ते वेचलेलं त्यात धरलं आणि चक्का गाळावा तसं काचेच्या वाडग्यात पिळलं. पाणी गढूळ झालं.

"ह्यानं काय व्हनार?"

"याचे कण सुटे झाले तरी एकमेकांना शोधतात. चिकटतात. त्यातून परत एक उभा राहतो. आपल्याला ते जमत नाही, याला जमतं. कारण याला नकाशाच नाही, म्हणून मोडतही नाही."

दोन दिवस ते वाडग्यापाशी बसून होते. माझ्या दोन्ही हातांना खाज सुटली होती. त्याच्या अंगात काचेसारख्या सुया असतात म्हणे. लेकीनं खोबरेल चोळून दिलं आणि रागानं म्हणाली, "आई, तुझ्या हाताला कधी दम नसतो." मुंगीसाठी फुंकर मारून वाट साफ करणारी मी. एक इंद्रिय म्हणा नाहीतर पाच, जीव होता, आणि माईंनी मांडीवर आणलेला होता.

तिसऱ्या दिवशी वाडग्याला वास सुटला. चिंचेनं आणि राखेनं आपलं काम केलं होतं. व्याह्यांनी तो जास्वंदीच्या मुळाशी ओतला, वाडगा धुऊन पालथा घातला आणि बारशाच्या पाव्हण्यांना हसून नमस्कार करायला पुढं गेले. नातीला मांडीवर घेतलं तेव्हा तिची बोटं मोजून म्हणाले, "करंजी. अगदी बिनचूक." सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही, कारण मला त्यांचा चेहरा दिसत होता.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या विहिरीत मोकळा केला. मनात काही नव्हतं. रोज करते तसं केलं. दगड नेला त्याच्या पुढच्याच दुष्काळात आमची विहीर कोरडी पडली होती. माझ्या मुलानं गाळ काढून पायऱ्यांना सिमेंट केलं. तेव्हापासून तिच्यात बेडूकसुद्धा बिचकून राहायचा.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, पाणी निवळलं. एके दिवशी मी घागर बुडवायला खाली उतरले तर पाण्यातल्या पायरीवर पुरीएवढा करडा डाग. मी हात लावून बघितला. खरखरीत. वर येईपर्यंत बोटांना खाज सुटली. मग माझी खात्री पटली. भिंग लागलं नाही.

फोन लावला. "पाव्हणं, तुमचा मानूस आमच्याकडं आलाय."

"कोण माणूस?"

"ज्येला तोंड न्हाई त्यो."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं कडेगावला उतरले. तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. गुडघे गेलेले, वय पंच्याहत्तरच्या पुढं. मी म्हटलं, "वरनंच बगा." त्यांनी ऐकलं नाही. एकेक पायरी बसत बसत, लहान मूल उतरतं तसे उतरले. भिंग लावलं. मी वरून वाट बघत होते. पाठच दिसत होती.

"त्योच हाय न्हवं?" मी विचारलं आणि तांब्याची हकीकत सांगितली.

"उन्हाळ्यात तो अंगात खसखशीएवढे दाणे धरतो. वाळले तरी मरत नाहीत. तुमच्या फडक्यातून तांब्यात, तांब्यातून इथं आला असेल. किंवा जुन्या विहिरीतला एखादा दाणा कुठल्या फटीत राहिला असेल. नक्की सांगता येणार नाही."

"आवं पाव्हणं, जल्मभर पोरास्नी शिकिवलं. येकदा तरी नक्की बोला की!"

ते भिंग पुसत राहिले. म्हणाले, "माई असती तर नक्की बोलली असती."

"मग मी बोलते. त्योच हाय. तासून देऊ का दगडासकट? डोन रिकामीच हाय."

"नको," ते म्हणाले. "राहू दे जिथला तिथं." आणि मग, पाण्याकडंच बघत, "विहीणबाई, पाणी उपसताना त्याच्यावर घागर आदळू नका."

आता ते महिन्याला एकदा येतात. दुपारी ऊन विहिरीत उतरतं तेव्हा खालच्या पायरीवर बसतात. मी ताक देते. कधी वाद घालतो, एक इंद्रिय की प्राणी. आता मध्येच वाद तोडायला कुणी नाही, म्हणून तो लांबतो, आणि मग आम्ही दोघंही कंटाळून ताक संपवतो. त्या जनावराच्या पायरीवर मी एक पोतं झाकत असते. त्यानं काही होत नाही, पाण्यात ऊन तसंही कमीच असतं, असं ते म्हणाले. पण काढा म्हणाले नाहीत.

माई गेल्या. फ्रिजवरच्या बरणीतले हायड्रे गेल्या उन्हाळ्यात उकाड्यानं मेले. डोणीत नात बसून आंघोळ करते, आणि दगड मी घासला तसाच पांढरा आहे. जनावर तेवढं जगलं.